आपल्या डोक्यावरच्या हवेचा इतिहास

सोसायटीची नोंदणी, पहिली कमिटी, लिफ्टवरून झालेली भांडणं आणि कालव्याकडच्या कंपाउंड भिंतीचं प्रकरण, या सगळ्याचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासदांनी लिहिला आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे ‘काहीतरी ऐतिहासिक’ मागितलं तेव्हा शिल्लक काय राहिलं ते पाहिलं. जमिनीचा इतिहास सात-बारावर मिळतो, इमारतीचा कंप्लीशन सर्टिफिकेटवर. या दोहोंच्या वर जी हवा आहे, तिचा उतारा कुणी काढत नाही. तो काढण्याचा हा प्रयत्न आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस, सगळी नोकरी बँकेत केली, हवामानशास्त्रज्ञ नव्हे. पण ज्या खात्यात रोजची नोंद होते ते खातं वाचता येतं, आणि पुण्याच्या तापमानाची नोंद सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ होत आली आहे.

प्रथम एक गैरसमज बाजूला करू. उन्हाळा आला की आपल्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘पूर्वी पुण्यात एवढं ऊन नव्हतं हो.’ होतं! 30 एप्रिल 1897 रोजी पुण्यात 43.3 अंश सेल्सियसची नोंद आहे. तेव्हा शहरात ना डांबरी रस्ते होते, ना मोटारी, ना स्लॅबच्या इमारती. एप्रिल 2019 मध्ये आपण घामाघूम झालो तेव्हा पारा 43 पर्यंत गेला होता, म्हणजे 1897 च्या किंचित खालीच राहिला. आता खातेवहीचं दुसरं पान पाहू. 17 जानेवारी 1935 च्या पहाटे पुण्याचं किमान तापमान 1.7 अंश होतं. आजचे आपण 8 अंशांची बातमी वाचून कपाटातली शाल शोधतो.

दोन टोकांच्या आकड्यांवरून सरासरी काढायची नसते, हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण बोट कुठे ठेवायचं ते या आकड्यांवरून कळतं. पुण्याचा दिवस पहिल्यापासून तापटच होता. या गावाची ख्याती होती ती संध्याकाळनंतरच्या हवेची. शहर वाढलं तसा सर्वांत जास्त बदल झाला तो रात्रीत, आणि आपण मात्र दुपारच्या आकड्याचीच चर्चा करत बसतो.

ही ख्याती जुनी आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचा आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचा. आज जी विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तो गणेशखिंडीचा बंगला त्याच्यासाठीच बांधला गेला. पुढे 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालयही सिमल्याहून पुण्याला आलं. रिक्षावाले आजही ज्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात, त्या नावामागे ही हकीकत आहे. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण वेधशाळा राहिली. 1962 साली उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्थाही पुण्यातच निघाली, ती आता पाषाणला आहे. सांगायचं म्हणजे, हवेची मोजदाद करणारी एवढी माणसं ज्या गावात राहतात त्या गावाच्या हवेचा हिशेब लागायला हरकत नसावी.

मात्र मोजणाऱ्यांनाही शहर स्वस्थ बसू देत नाही. मुंबईची कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने मोजमापं बिघडतील हे स्पष्ट झालं, आणि नानाभाई मूस यांनी 1904 साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तापमापकाला असं पळून जाता येत नाही. तो जागेवरच राहतो, आणि शहर त्याच्या भोवती येऊन उभं राहतं.

पुण्याच्या रात्रीवर तर चक्क संशोधन झालेलं आहे, हे किती जणांना माहीत असेल? डॉ. एल. ए. रामदास नावाचे शास्त्रज्ञ हवामान खात्यात पुण्याला होते. 1932 साली शेतीच्या हवामानाचा विभाग इथे सुरू झाला तो त्यांच्या देखरेखीखाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच सुमारास एक विचित्र गोष्ट मांडली. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, वीतभर ते हातभर उंचीवर असते. त्या काळी तापमापकातच काही खोट असेल असं अनेकांना वाटलं, कारण पुस्तकात असं नव्हतं. पुढे इतरांनी मोजून पाहिलं आणि ते खरं निघालं. आज त्या थराला जगभर रामदासांचं नाव आहे. मला यातली गंमत ही वाटते, की असली नाजूक गोष्ट सापडायला मोकळी माती, स्वच्छ आकाश आणि शांत रात्र लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सापडणार नाही.

आता हिशेब कसा चालतो ते माझ्या भाषेत सांगतो. ऊन म्हणजे जमा. दिवसभर ती रक्कम जमिनीवर येत राहते. त्यातली काही लगेच परत जाते, जशी पांढऱ्या भिंतीवरून. काही जागच्या जागी खर्च होते. ओल्या मातीतलं आणि झाडांच्या पानांतलं पाणी वाफ होऊन जातं, त्याला उष्णता लागते. हा खर्च किरकोळ समजू नका. एक लिटर पाणी वाफ व्हायला जी उष्णता लागते ती वीजमीटरच्या भाषेत सुमारे दोन-तृतीयांश युनिट भरते. उरलेली रक्कम जमिनीत, दगडात, भिंतीत ठेव म्हणून पडते. सूर्य मावळला की ही ठेव आकाशाकडे परत जाऊ लागते. पुण्याची हवा कोरडी, पावसाळा सोडला तर आकाश निरभ्र, त्यामुळे आपल्याकडे ही परतफेड झपाट्याने व्हायची. म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांच्यात 15-20 अंशांचा फरक पडायचा. त्यात संध्याकाळी घाटाकडून येणारा पश्चिमेचा वारा भर घालायचा.

शहर काय करतं? ते ओल्या मातीवर फरशी घालतं, म्हणजे जागचा खर्च बंद. काँक्रीट आणि डांबर वापरतं, म्हणजे ठेव मोठी. आणि इमारती इतक्या जवळ उभ्या करतं की भिंतीला आकाश दिसतच नाही, समोरची भिंत दिसते. मग एका भिंतीने सोडलेली उष्णता दुसरीच्या खात्यात जमा होते, दुसरीची पहिलीच्या. बँकेत या प्रकाराला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. त्यावर गाड्या, गॅस, फ्रिज आणि एसी यांची वरकड उष्णता. इमारतींमुळे जमिनीलगतचा वाराही मंदावतो. पहाट होते तेव्हा कालची बाकी अजून फिटलेली नसते, आणि सूर्य नवीन भरणा घेऊन हजर.

हे पुण्यातच घडतं असं नाही, आणि हे आज कळलं असंही नाही. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचा औषधी रसायनांचा कारखानदार होता. ढगांना आज जी लॅटिन नावं आहेत ती मूळची याचीच. त्याने हौस म्हणून वर्षानुवर्षं तापमान लिहून ठेवलं आणि 1818 पासून लंडनच्या हवामानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नोंदीत लंडन शहर रात्री आसपासच्या गावांपेक्षा सुमारे 3.7 अंश फॅरनहाइटने गरम, आणि दिवसा उलट नावापुरतं थंड होतं. म्हणजे जी गोष्ट मी पुण्याबद्दल सांगतो आहे ती दोनशे वर्षांपूर्वी एका हौशी माणसाने वहीत उतरवलेली आहे. आपल्याकडे 1970 च्या दशकात हवामान खात्याच्या लोकांनी पुणे आणि मुंबईच्या शहरी तापमानाची अशीच पाहणी केली. तेव्हाच्या पुण्यात दुपारी रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या, हे लक्षात ठेवा.

मग पुणे वाढलं कसं? याची सुरुवात पाण्यापासून करावी लागते. खडकवासल्याचं धरण 1879 साली पूर्ण झालं. त्याच्या उजव्या कालव्याने आपल्या सिंहगड रस्त्याच्या बाजूने, पर्वतीच्या पायथ्याने पुढे हडपसर, मांजरी, लोणीपर्यंत पाणी नेलं. शहराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला हिरवा पट्टा तयार झाला. ऊस, भाजीपाला, फुलं. शहराच्या मानाने हा पट्टा मोठा होता, आणि दिवसभराच्या उन्हाचा मोठा हिस्सा तो जागच्या जागी खर्च करत होता.

आतलं शहर वाड्यांचं होतं. माझं लहानपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेलं. माती-विटांच्या जाड भिंती, वर कौलं, मधे चौक, चौकात हौद. संध्याकाळी अंगणात सडा पडायचा. तो धूळ बसावी म्हणून मारतात असं आम्ही समजायचो, पण उष्णतेच्या हिशेबात तोही खर्चच. मे महिन्यात मुलं माडीच्या गच्चीवर झोपायची आणि पहाटे पायाशी ठेवलेली गोधडी वर ओढायची. वाडा म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. सोळा बिऱ्हाडांत दोन संडास होते. वाड्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ते दोन संडासही आठवावेत.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. माणसं पेठा सोडून बाहेर पडली ती कायमची. गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याची घरं उभी राहिली, पर्वतीच्या पलीकडे सहकारनगर वसलं. योगायोग असा की महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा आदल्याच वर्षीचा, 1960 चा. आपण ज्या कायद्याखाली आज रौप्यमहोत्सव साजरा करतो आहोत, त्याच कायद्याने पुण्याला पेठांबाहेर नेलं. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि 1982 साली तिकडे वेगळी महापालिका झाली. मधल्या तपशिलात जात नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे.

जनगणनेचे आकडे मात्र देतो. पुणे महापालिकेची लोकसंख्या 1951 मध्ये 5 लाखांच्या आत होती. 1971 मध्ये साडेआठ लाख, 1991 मध्ये साडेपंधरा लाखांच्या वर, 2001 मध्ये 25 लाख आणि 2011 मध्ये 31 लाख. पिंपरी-चिंचवडची 17 लाख वेगळी. क्षेत्रफळ पाहा. 1997 च्या आधी महापालिका सुमारे 146 चौरस किलोमीटर होती. 1997 साली भोवतालची गावं आत आली, 2017 साली 11 आली, 2021 साली आणखी 23. तेव्हा ती 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. एवढं क्षेत्र झालं की त्याला नुसतं शहर म्हणून चालत नाही. तो हवामानाच्या दृष्टीने स्वतंत्र प्रदेशच होतो.

यात आमच्या बँकवाल्यांचा वाटाही नोंदवायला हवा. नोकरीच्या सुरुवातीला, 1970 च्या दशकात, मी शहराच्या पूर्वेकडच्या एका शाखेत होतो. कामं म्हणजे पीककर्ज, विहिरीसाठी आणि इंजिनासाठी कर्ज. पाहणीला सायकलवरून जायचो. उन्हात मुरमाच्या रस्त्यावरून जाताना डोकं तापलेलं असायचं आणि उसाच्या फडाशी आलं की अंगाला एकदम गारवा लागायचा. निवृत्तीच्या आधीची वर्षं गेली ती गृहकर्ज विभागात. 1999 च्या अंदाजपत्रकापासून गृहकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकराची वजावट वाढत गेली. 30 हजारांवरून दोन-तीन वर्षांत ती दीड लाखावर पोचली, व्याजदरही उतरले. आयटीत नोकरी लागलेली पंचविशीतली मुलं अर्ज घेऊन रांगेत उभी राहायची. ज्या गटांवर मी ऊस लावायला कर्ज दिलं होतं, त्याच गटांवरच्या फ्लॅटची फाईल माझ्या टेबलावर आली, असं एकदा नव्हे अनेकदा झालं. दोन्ही कर्जं नियमात होती आणि बहुतेक वेळेवर फिटली. माणसांना घरं मिळाली, त्यात आपणही आलो. फक्त त्या उसाने दिवसाकाठी किती उष्णता रिचवली असती, याचा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता.

मगरपट्ट्याचं उदाहरण सगळ्यांच्या माहितीतलं आहे. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांच्या आसपासची जमीन बिल्डरांना तुकड्यांनी न विकता एकत्र आणली आणि स्वतःच वसाहत उभारली. सहकाराच्या दृष्टीने हे कौतुकाचं काम आहे, आणि तिथे झाडंही मन लावून लावली आहेत. आता हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात पुण्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांचं किमान तापमान येतं ते वाचा. पाषाण, एनडीए, हवेली खाली असतात, तर मगरपट्टा, वडगाव शेरी, कोरेगाव पार्क वर. एकाच शहरात, एकाच पहाटे, चार-पाच अंशांचा फरक पुष्कळदा दिसतो. केंद्र खोलगट जागी आहे की उंचावर, यानेही काही फरक पडतो. पण रोजच्या रोज बांधकामाची बाजू गरम आणि मोकळी बाजू थंड दिसत असेल, तर त्याला नुसता योगायोग म्हणता येत नाही.

आणि ज्या आकड्याला आपण ‘पुण्याचं तापमान’ म्हणतो तो येतो शिवाजीनगरहून. त्या भागात कृषी महाविद्यालयाची शेतं आहेत, त्यातली काही जमीन आता मेट्रोच्या डेपोला गेली. म्हणजे ‘पुण्याचा’ आकडा शहरातल्या बऱ्यापैकी हिरव्या परिसरातला आहे. आपल्या पाचव्या मजल्यावरच्या बेडरूमचा तो आकडा नव्हे.

या विषयावर अलीकडे जे अभ्यास झाले त्यातल्या दोघांचा उल्लेख करतो. गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2017 साली देशातली 89 शहरं उपग्रहाच्या मदतीने तपासली. त्यांना असं दिसलं की एप्रिल-मे महिन्यांत दिवसा बहुतेक शहरं भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा गरम नव्हे, थोडी थंडच असतात! कारण साधं आहे. त्या दिवसांत पाणी नसलेलं रान नांगरून उघडं पडलेलं असतं, ते तव्यासारखं तापतं. शहरात निदान बागा आहेत, नळाचं पाणी आहे. पण रात्री उलटं होतं. उघडं रान भराभर निवतं, शहर निवत नाही. ल्यूक हॉवर्डच्या वहीत तरी दुसरं काय होतं?

दुसरा अभ्यास भुवनेश्वरच्या आयआयटीचा, 2024 सालचा. त्यांनी 141 शहरांच्या रात्रीच्या तापमानाचा जवळपास दोन दशकांचा कल काढला. सरासरीने दर दशकाला अर्ध्या अंशापेक्षा किंचित जास्त वाढ. मग त्यांनी एक उत्तम काम केलं, ते म्हणजे विभागणी. साऱ्या पृथ्वीचंच तापमान वाढतं आहे, तो भाग शहराच्या माथी मारायचा नाही. तो वजा केल्यावर शहरांच्या तापण्यातला एक-तृतीयांशाहून थोडा जास्त हिस्सा निव्वळ शहर वाढल्यामुळे उरला. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. पृथ्वीच्या खात्यावर आपली सही चालत नाही. या एक-तृतीयांशावर, अगदी थोडी का होईना, चालते.

आता पाऊस. इथे मी जरा जपून लिहिणार आहे, कारण या बाबतीत लोक फार ठासून बोलतात. शहरामुळे पाऊस बदलू शकतो का? बदलू शकतो. अमेरिकेत सेंट लुईस शहराभोवती 1971 ते 1975 अशी पाच वर्षं मोठी मोहीम झाली. उन्हाळ्यातला पाऊस शहराच्या वाऱ्याकडील बाजूपेक्षा पलीकडच्या बाजूला जास्त पडतो असं त्यात दिसलं. तापलेल्या शहरावरची हवा वर उचलली जाते, इमारतींमुळे वारा अडखळतो, धूर-धुळीचे कण ढगात मिसळतात, अशी कारणं दिली जातात. भारताबद्दलही किश्तवाल आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवलं की पावसाळ्यातल्या अतिवृष्टीच्या घटना वाढण्याचा कल शहरी भागात अधिक ठळक आहे. पण म्हणून प्रत्येक ढगफुटीला शहराला जबाबदार धरता येत नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 75 च्याही आत. दोन्ही ठिकाणं मुंबईच.

ढगातून किती पडावं हे शहर ठरवतं का, यावर वाद घाला. पण पडलेल्या पाण्याचं काय होतं, यात वादाला जागा नाही. आंबील ओढा मूळचा आताच्या पेठांतून वाहायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याची वाट पर्वतीकडून वळवली गेली. कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने शहरात आलं ते त्याच काळात. त्या लोकांनी ओढा वळवला, पण वाहायला जागा ठेवली. आपण ती जागा भिंतींनी आवळली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्या ओढ्याने ती परत मागितली, आणि अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूच्या सोसायट्यांत पाणी शिरून माणसं गेली. अंगणात मुरलं असतं ते पाणी फरशीवरून धावत ओढ्यात आलं. आणि जे मुरलं नाही ते पुढे एप्रिलमध्ये वाफ होऊन गारवा द्यायलाही शिल्लक राहिलं नाही. पूर आणि उकाडा ही एकाच खात्याची दोन पानं आहेत, असं मला त्या वर्षी प्रथम वाटलं.

आता आपल्या घरचं. आपली जागा कालव्याखालची. बिल्डरने घेण्यापूर्वी इथे ज्वारी आणि भाजी होत असे, हे जुन्या सभासदांनी पाहिलं आहे. आताच्या ‘क’ विंगच्या जागी विहीर होती. मागचा ओहोळ पाइपात गेला तो आपण राहायला येण्याआधी. नंतरच्या पंचवीस वर्षांत मात्र जे झालं ते आपणच ठरावानिशी केलं. गच्चीवर मूळची पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक होती. गळती लागली म्हणून ती काढून काळी डांबरी शीट टाकली. गळती थांबली, आणि पाचव्या मजल्यावरची मंडळी रात्री दहानंतरही छताला हात लावून पाहू लागली. मग तिथे एसी आले. एसीची बाहेरची युनिटं डक्टमध्ये बसवली, त्यामुळे एकाचा गारवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गरम वारा होऊन येतो. ‘ड’ विंगमधल्या एक वहिनी सांगत होत्या, की संध्याकाळचा स्वयंपाक त्या आता डक्टची खिडकी बंद करून करतात. आणि गेटवरचे मामा ज्या पत्र्याच्या केबिनमध्ये रात्रपाळी करतात, तिथे एसी नाही, डक्टही नाही.

रात्रीचा उकाडा ही केवळ गैरसोय नाही. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं, हृदयाला विश्रांती मिळते. रात्रच गरम राहिली तर ती मिळत नाही, आणि याचा पहिला फटका वयस्क, आजारी आणि तान्ह्या मुलांना बसतो. अहमदाबादमध्ये मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला आणि फार माणसं दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने 2013 मध्ये उष्णतेसाठी स्वतंत्र कृती आराखडा केला. छपरांना पांढरा रंग देण्याचं काम तिथे त्यातूनच पुढे आलं. रंग म्हणजे साधा, चुन्यासारखा. त्यात कुठलं मोठं तंत्रज्ञान नाही. आपल्या सोसायटीत आज सत्तरी ओलांडलेले सभासद किती आहेत हे सेक्रेटरींच्या रजिस्टरवर आहे. त्यात माझंही नाव आहे, तेव्हा मी यात तटस्थ नाही हे कबूल करतो.

पूर्वेच्या भिंतीलगत मातीचा जो एकमेव पट्टा राहिला आहे, दोन कडुनिंब, एक जांभूळ आणि शेवगा उभा असलेला, तिथे पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करावं असा प्रस्ताव आहे. पार्किंगची अडचण खरी आहे. तरुण कुटुंबांत दोघंही नोकरीला जातात, दोघांच्या दोन गाड्या आहेत, आणि रात्री उशिरा येणाऱ्याला जागा मिळत नाही. ‘आमच्या वेळी सायकली होत्या’ हे त्याला उत्तर नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की भोकांचे ब्लॉक मिळतात, ज्यातून पाणी मुरतं आणि गवत उगवतं, ते घालून झाडांच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवली तर गाड्याही उभ्या राहतील. काही गाड्या कमी बसतील, हे खरं. किती कमी, ते आर्किटेक्टकडून लेखी घ्यावं.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय क्रमांक 7 आहे. विषय क्रमांक 6 गच्चीच्या नव्या वॉटरप्रूफिंगचा आहे, आणि त्याचं जे कोटेशन आलं आहे तेही काळ्या शीटचंच आहे. पांढऱ्या थराचं दुसरं कोटेशन मागवावं आणि दोन्ही विषय एकत्र चर्चेला घ्यावेत, असं पत्र मी कमिटीला दिलं आहे. पोच माझ्याकडे आहे.